एक्स्पोर्टभाऊ

नाशकात एखादा माणूस एक्स्पोर्टमध्ये आहे असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "थॉमसन की शरद?" द्राक्षांशिवाय इथून आणखी काही परदेशी जात असेल, हे आम्हा नाशिककरांना चटकन पटत नाही. त्यामुळे द्वारका चौकातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसणारे हे गृहस्थ आज सहा वर्षं 'द्राक्षवाले' म्हणून ओळखले जातात. वॉचमन मोसमात त्यांना पेटीचा भाव विचारतो. अवकाळी पाऊस झाला की लिफ्टमधली माणसं त्यांच्याकडे कणवेने बघतात. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, कारण मी त्यांचा करसल्लागार आहे. पण अशिलाचं नाव सांगत सुटायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. सगळे त्यांना एक्स्पोर्टभाऊ म्हणतात. मीही म्हणतो.

भाऊ एक्स्पोर्ट करतात ते इमारती.

बांधतात का? नाही. विकतात का? नाही. नकाशे काढतात का? पूर्वी काढत. आता एकाने एका सॉफ्टवेअरमध्ये रचलेली इमारत ते दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये धडधाकट नेऊन पोचवतात. पहिल्या वर्षी कागदपत्रं करताना 'व्यवसायाचं स्वरूप' या रकान्यापाशी आमचा पाऊण तास गेला. शेवटी भाऊच कंटाळून म्हणाले, "वकीलसाहेब, सरळ हमाल लिहा." करसल्लागाराला इकडे वकीलसाहेबच म्हणतात. मी 'सेवा निर्यात' लिहिलं. निर्यातीवर जीएसटी शून्य. दरवर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरलं की झालं. हमाल लिहिलं असतं तर अडकलो असतो.

या हमालीची गरज का पडावी, हे त्यांनी मला चहावर समजावलं. हल्ली मोठी इमारत आधी संगणकात उभी राहते, नुसत्या रेघांनी नव्हे, भिंती, दारं, पाईप यांच्यासकट. पण ती एकजण उभी करत नाही. आर्किटेक्ट रेव्हिटमध्ये नाहीतर आर्चिकॅडमध्ये बसलेला असतो, लोखंडी सांगाडावाला टेकलात, आणि मग सगळ्यांचं एकत्र करून कुणाचा पाईप कुणाच्या बीममध्ये घुसलाय ते नेव्हिसवर्क्समध्ये बघायचं असतं. रेव्हिट अमेरिकेचं, आर्चिकॅड हंगेरीचं, टेकला फिनलंडचं, नेव्हिसवर्क्स इंग्लंडात शेफील्डला जन्मलेलं. ऑटोडेस्कने रेव्हिट २००२ साली विकत घेतलं आणि नेव्हिसवर्क्स २००७ साली, म्हणजे दोघं आता एकाच घरात राहतात. "पण भाऊबंदकी एका घरातच जास्त असते," इति भाऊ.

या सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९९४-९५ च्या सुमारास काही कंपन्या एकत्र आल्या आणि त्यातून आयएफसी नावाची सामाईक बोली निघाली. २०१३ साली तिला आयएसओचा पूर्ण दर्जाही मिळाला. मी म्हटलं, "मग प्रश्न मिटला की."

भाऊंनी कप खाली ठेवला. "आयएफसी म्हणजे एस्टी आहे, वकीलसाहेब. पाटी सगळ्या गावांची असते, पण दारापाशी कुणालाच सोडत नाही. स्टँडवरून पुढे घरापर्यंत सामान कोण नेणार?"

रकान्यात मी लिहायचा टाळलेला 'हमाल' हा शब्द मला आता योग्य वाटायला लागला.

*

भाऊंचा जगात कशावर विश्वास नसेल तर तो 'उघडली' या शब्दावर. तिकडून निरोप येतो, फाईल उघडली. लोक खूश होतात, भाऊंच्या कपाळावर आठी येते. "उघडली म्हणजे आली असं नाही." मग ते मोजायला बसतात. इथून दारं किती निघाली, तिथे किती उतरली. चारशे बारा निघाली आणि चारशे नऊ पोचली, तर उरलेली तीन सापडेपर्यंत माणूस डबा उघडत नाही.

ही सवय हळूहळू अंगात भिनली. मंडईतून आले की पिशवी ओट्यावर ओतून यादीशी ताडून बघतात. मेहुण्याच्या लग्नात वऱ्हाडाच्या बसमध्ये प्रत्येक थांब्यावर यांनी माणसं मोजली. संगमनेरला एक जास्त भरला. सगळ्यांनी सोडून दिलं. भाऊंनी बस थांबवून तो कोण ते शोधलं. दुसऱ्याच लग्नाचा होता. "डुप्लिकेट एलिमेंट," एवढंच म्हणाले आणि त्याला सन्मानाने खाली उतरवलं.

दुसरा अविश्वास मापांवर. कुणी आकडा सांगितला की भाऊ विचारतात, "कशात?" मुलाने ऐंशी पडले म्हणून सांगितलं तरी, "कितीपैकी?" याला कारण आहे. एकदा आखाती देशातल्या एका हॉटेलचं मॉडेल त्यांच्याकडे आलं. चाळीस मीटर उंच इमारत. वाटेत कुणीतरी मीटरच्या आकड्यांना मिलिमीटर समजलं, आणि इमारत उतरली ती चाळीस मिलिमीटरची, चहाच्या कपाच्याही आत मावेल एवढी. दुरुस्त करायला परत पाठवली. तिकडच्या पोराने घाईत उलटं केलं. ती चाळीस किलोमीटर उंच होऊन आली. "साडेचार एव्हरेस्ट," भाऊ सांगतात, "आणि लिफ्ट दोनच."

रेव्हिटबद्दल मात्र त्यांना या बाबतीत जिव्हाळा आहे. ते बाहेरून मिलिमीटर दाखवतं, पण पोटात सगळे हिशेब फुटांतच ठेवतं. "आपल्या गवंड्यासारखं. ड्रॉइंग मिलिमीटरचं, मनात फूट, आणि सुतार तर अजून सुतात. आठ सूत, एक इंच. कसलं कन्व्हर्जन नाही, कसला एरर नाही."

तिसरी गोष्ट प्रॉक्सी. आयएफसीमध्ये भिंतीला भिंत म्हणून जागा आहे, जिन्याला जिना म्हणून. पण ज्याचं काय ते कळत नाही, त्याला 'बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी' म्हणून बसवतात. नाशकातल्याच एका बंगल्याच्या मॉडेलमध्ये तुळशीवृंदावन प्रॉक्सी होऊन पोचलं, झोपाळा प्रॉक्सी, आणि गच्चीवरची पाण्याची टाकीही प्रॉक्सी. "कॉलेजात आम्ही प्रॉक्सी लावायचो ती माणूस हजर नसताना," भाऊ म्हणाले. "इथे माणूस समोर उभा आहे, तरी प्रॉक्सी."

त्याच बंगल्यात खोलीचं नाव मराठीत 'देवघर' लिहिलेलं होतं. आयएफसीची फाईल साधी अक्षरांची असते, अगदी नोटपॅडमध्येही उघडते. पण तिला मूळची अक्षरं रोमनच कळतात. देवनागरी आली की ती प्रत्येक अक्षराचा संकेतांक लिहून ठेवते. द च्या जागी ०९२६, घ च्या जागी ०९१८. पलीकडच्या सॉफ्टवेअरला ते उलगडता आलं नाही, तर देवघराच्या दारावर आकड्यांची माळ लागते. भाऊंना आता ही माळ तोंडपाठ आहे. पोथी वाचावी तसं बोट फिरवत ते वाचतात आणि मध्येच म्हणतात, "हे बघा, इथे मात्रा गेली."

*

मागच्या मोसमात एक दिवस भाऊंच्या ऑफिसात खरोखरीच एक द्राक्ष बागायतदार आले. दिंडोरीकडचे, पांढरी टोपी, हातात पेटी. खालच्या पाटीवर 'मॉडेल एक्स्पोर्ट' वाचून चढले होते. मी तिथेच होतो.

"माल कुठं जातो तुमचा?"

"दुबई, लंडन."

"कंटेनर कोणाचा?"

"कंटेनर नाही, आमचं क्लाऊडवरून जातं."

पाहुणे जरा वेळ गप्प राहिले. "ढगाळ हवेत आमचं तर लई नुकसान होतं हो. भुरी येते. तुमचं कसं काय भागतं?"

मला वाटलं, भाऊ हसतील. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवून सगळं दाखवलं. पुढचा अर्धा तास मी नुसता श्रोता होतो. बागायतदार म्हणाले, युरोपला माल जातो तेव्हा बागेची नोंदणी असते, ग्रेपनेटवर सगळं चढवलेलं असतं. पेटीवरच्या नंबरावरून कोणत्या प्लॉटातला घड ते तिकडच्याला काढता येतं. भाऊंचे डोळे चमकले. "आमच्यात प्रत्येक दाराला बावीस अक्षरांचा नंबर असतो. फाईल कुठेही जाऊ दे, तो बदलता कामा नये. बदलला की तेच दार नवीन समजतात आणि जुन्यावरच्या सगळ्या शेऱ्यांवर पाणी."

"अन् माल रिजेक्ट झाला तर?"

"दुरुस्त करून पुन्हा पाठवतो."

"बरंय तुमचं. आमचा परत येत नाही."

मग त्यांनी पेटीतला एक घड काढून भाऊंपुढे धरला. "आकार बघून घेणारा घेतो. पण आम्ही तोडायच्या आधी मीटर लावून गोडी बघतो. तुमच्या या दाराची गोडी कशी मोजता?"

भाऊ काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एका दारावर क्लिक केलं. दार होतं. रुंदी होती, उंची होती, रंगसुद्धा होता. खाली गुणधर्मांचा तक्ता मात्र रिकामा. "हे दार दोन तास आग थोपवणारं आहे. निघताना तसं लिहिलेलं होतं. वाटेत ते गळलं. आता हे नुसतं दार आहे."

"म्हणजे फिकं निघालं," पाहुणे म्हणाले.

तेव्हापासून भाऊंच्या ऑफिसात तोच शब्द चालतो. पोरं एकमेकांना विचारतात, भूमिती आली, गोडी आली का? लंडनच्या मीटिंगमध्येही एकदा तोंडून गेला म्हणतात. तिकडच्याने तो मिनिट्समध्ये नोंदवला आणि पुढच्या आठवड्यात विचारलं, हे कोणतं स्टँडर्ड?

*

शुक्रवारी संध्याकाळी भाऊंची ऑनलाइन मीटिंग असते. सगळ्यांची मॉडेलं एकत्र लावायची आणि टक्कर कुठे होते ते बघायचं. आमच्या दोन ऑफिसांमधल्या पातळ भिंतीमुळे मला दर आठवड्याला ती फुकट ऐकायला मिळते. तिच्यात एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत येतं, "आमच्याकडे तर बरोबर दिसतंय."

एकदा सगळे कॉलम इमारतीपासून तीनशे मीटर लांब जाऊन उभे राहिले. इमारत हवेत, खांब मोकळ्या रानात, जणू लग्नाचा मांडव एका गावी आणि वऱ्हाड दुसऱ्या. आर्किटेक्ट म्हणाला, आमच्याकडे बरोबर दिसतंय. सांगाडावाला म्हणाला, आमच्याकडे बरोबर दिसतंय. खरंच दोघांचंही बरोबर होतं. एकाने अंतर सॉफ्टवेअरच्या आतल्या शून्यापासून मोजलं होतं, दुसऱ्याने सर्व्हेच्या बिंदूपासून. शून्य कुठे ठेवायचं हे ठरवायचं राहून गेलं होतं. "आपल्याकडच्या बांधाच्या दाव्यांचं दुसरं काय असतं?" भाऊ मला नंतर म्हणाले. "दोघांची मोजणी बरोबर, खुणेचा दगड वेगळा. आणि अक्षांश-रेखांश भरायचेच राहिले, शून्य-शून्यच ठेवले, तर दावा कुठे लागेल माहितेय? गिनीच्या आखातात. भर समुद्रात."

टक्करींचा आकडा ऐकून नवखा माणूस घाबरतो. २८० क्लॅश! भाऊ शांत. "वीस पाईप, चौदा मजले. प्रत्येक स्लॅबमध्ये तेच वीस. एकाच सभासदाने सोसायटीला चौदा अर्ज केले तर तक्रारी चौदा होत नाहीत. स्लॅब टाकायच्या आधी वीस ठिकाणी स्लीव्ह ठेवा, म्हणजे नंतर कोअर कटिंगवाला बोलवावा लागणार नाही."

त्यांना सगळ्यात जास्त बोचते ती व्हर्जन. रेव्हिटची जुनी फाईल नव्यात उघडते, पण नव्यात जतन केलेली जुन्यात परत नेता येत नाही. एका प्रकल्पात तिकडच्या कुणीतरी रात्रीतून सगळं नव्या आवृत्तीत चढवलं आणि सकाळी इकडे सहा जण नुसते बसून. "वर चढल्यावर जिना ओढून घेतला," भाऊ म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर जेवले.

*

मीटिंग संपली की भाऊ गॅलरीत येतात. खाली द्वारका चौक. वरून उड्डाणपुलावर मुंबई-आग्रा महामार्ग निघून जातो, खाली पुणे रोड, शहरातून येणारा रस्ता, सर्व्हिस रोड, एस्टी, ट्रक, रिक्षा, द्राक्षांच्या पिकअप आणि दुचाकीवरून आरशासकट शिरणारे आपण सगळे.

"क्लॅशचे तीन प्रकार असतात," भाऊ समजावतात. "हार्ड क्लॅश, म्हणजे रिक्षा ट्रकला लागली. तो इथे क्वचित. दुसरा क्लिअरन्सचा. लागलं नाही, पण मधे बोट घालायला जागा उरली नाही. इथे दिवसभर तोच. तिसरा वेळेचा. रात्री दोनला हाच चौक मोकळा असतो. जागा तीच, माणसं तीच, फक्त सगळ्यांना सातलाच यायचं असतं."

"पण पूल झाला ना?"

"पाईप आडवा आला तर वरून घ्यायचा, हे आम्हीही करतो. इथे वरचा पाईप सुटला. खालचे जिथल्या तिथे." मग पादचाऱ्यांसाठी केलेल्या भुयारी मार्गाकडे बोट. "आणि ती वाट बघा. मॉडेलात आली, वापरात आलीच नाही. एक्स्पोर्ट झालं, इम्पोर्ट कुणी केलंच नाही."

चौकाच्या नावावरून मी एकदा त्यांना छेडलं, की मथुरेहून द्वारकेला अख्खं गाव रातोरात हलवणारा तुमच्याच धंद्यातला मूळ पुरुष. भाऊंनी मान हलवली. "नीट बघा, वकीलसाहेब. त्याने माणसं हलवली. इमारती नाही हलवल्या. त्या विश्वकर्म्याकडून नव्या बांधून घेतल्या. देव होता, तरी कन्व्हर्ट करायच्या भानगडीत पडला नाही."

*

भाऊंचा जुन्या नाशकात वाडा होता. पावसाळ्याआधी धोकादायक घरांच्या नोटिसा निघतात, तशी त्यांनाही आली आणि वाडा उतरवावा लागला. त्याआधी सात-आठ रविवार भाऊंनी टेप लावून तो मापला आणि मॉडेल केलं. काम सोपं नव्हतं. वाड्यात एक कोपरा काटकोनात नाही. भिंती वर जाताना बारीक होत गेलेल्या. जुनी माणसं घर खणांत मोजायची. खण हे माप कुठल्याही सॉफ्टवेअरच्या यादीत नाही. तुळया, कडीपाट, ओसरी, माजघर, फडताळ. निम्म्याअर्ध्या गोष्टी प्रॉक्सी. पण भाऊंनी एकेकीला नाव देऊन बसवलं, देवनागरीत, संकेतांक तपासून.

हे मॉडेल त्यांनी इंग्लंडातल्या धाकट्या चुलतभावाला पाठवलं. आई काठे गल्लीतल्या फ्लॅटमधून रोज विचारायची, "वाडा पोचला का रे?" पार्सलाची चौकशी करावी तसं.

भावाचा निरोप आला, उघडलं, मस्त आहे. भाऊंच्या कपाळावर आठी. त्यांनी विचारलं, "माजघरातला कोनाडा दिसतो का?" उत्तर आलं, "तिथे सरळ भिंत आहे." आता आयएफसीत कोनाड्यालाही जागा आहे, आरपार न जाणारी पोकळी म्हणून वेगळा प्रकार आहे. पण भावाच्या मोबाइलमधल्या फुकट व्ह्यूअरने तो बुजवून टाकला होता. भाऊ दोन रात्री बसले. सेटिंग बदलली, भिंतच मुळातून कोरून काढली, पुन्हा पाठवली. या कामाचं बिल मला कधी दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला मी निघायच्या बेतात असताना भाऊंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"दादा, आता नीट आलं सगळं. फक्त माजघरात भिंतीला एक खड्डा दिसतोय. एरर आहे का काही?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. दारं पूर्ण, खण पूर्ण, कोनाडा जिथल्या तिथे, मिलिमीटरचाही फरक नाही. त्यांनी पिशवी उचलली, डबा घेतला, चार्जर घेतला आणि स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. "एरर नाही रे. ऐक आता. लाइट गेले की आजी तिथे चिमणी ठेवायची. चिमणीच्या मागे तपकिरीची डबी, तिच्याखाली कोठीची किल्ली. तू पाच वर्षांचा असताना ती किल्ली..." बोलत बोलतच ते जिना उतरले.

मी गॅलरीतून बघत होतो. सात वाजलेले, द्वारका ऐन भरात. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे तीन-तीनदा बघणारा हा माणूस आज हात हलवत, किल्लीची गोष्ट सांगत सरळ आत शिरला. एस्टी आणि ट्रकच्या मधे दिसला, रिक्षांच्या मागे गेला, मग दिसेनासाच झाला. मी कठडा घट्ट धरून उभा.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"वकीलसाहेब, पोचलो. मोजून बघितलं. डबा आला, चार्जर आला, चष्मा आला."

"मग झालं तर."

"डावी चप्पल नाही आली."

मी खाली वाकून पाहिलं. द्वारका चौकाच्या मधोमध, दिव्याच्या उजेडात, भाऊंची डावी चप्पल पडली होती. ट्रक, एस्टी, रिक्षा, पिकअप, सगळे तिला शिस्तीत वळसा घालून चालले होते, आणि त्या सबंध चौकात तेव्हा एकही क्लॅश नव्हता.